खिडकीतलं जाळं

लोहाऱ्याच्या शाळेतून निवृत्त झालेले शेजारचे सर आमच्या खिडकीतल्या कोळ्याचं लोकरीसारखं जाळं बघायला रोज येतात. हसत, हळू आवाजात सांगतात, “इथं झाडू लावू नका बरं, ताई.”

परवा त्यात फुलपाखरू अडकलं. सोडवायला मी हात पुढं केला, तर सरांनी माझं मनगट धरलं.

“थांबा. ह्या कोळ्याच्या मागच्या पायावर धागा विंचरायचा कंगवा असतोय, त्यावर लई बारीक रेघा. म्हणून त्याचा धागा त्याला चिकटत न्हाय. दुसरं कुणी आलं की गुंतलंच.”

फुलपाखराची फडफड थांबली, तेव्हाच त्यांनी मनगट सोडलं. चेहऱ्यावर तेच हसू होतं.

आता मी दाराला आतून कडी लावते. सर बाहेरूनच खिडकीत डोकावून जातात. मी झाडू उचलते, पण त्या जाळ्यापर्यंत हात जात नाही.