मराठीत येणारा राग

सन २०२२. मी पंचाहत्तर वर्षांचा होतो. आदिलाबादेत आमच्या शेजारी तहसिलीतून निवृत्त झालेला एक गृहस्थ राहायचा. घरी बनियनच्या गळ्यालाही पेन अडकवायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि बोलणं संपलं की विचारायचा, “मंजूर?” आता तो लेकाकडे गेला. त्याचा ओटा सुना वाटतो.

माझी नात हैदराबादेत शिकायची. दहावीनंतर तिच्यापुढं तिथंच, परदेशी बोर्डांचे दोन अभ्यासक्रम होते. एकात नुसतं विज्ञान. दुसऱ्यात सहा विषय, त्यात मराठीही चालायची. पण शिकवायला मास्तर नाही, घरीच वाचायची. मराठी सुटली तर ती आमच्या घरात माझ्यापाशीच संपणार होती. पण पोरीला विनवणी करणं मला जमत नव्हतं.

एकदा तिचा फोन आला, तेव्हा शेजाऱ्यानं तो माझ्या हातातून घेतला. “बाई, तुले राग कोणत्या भाषेत येते?”

“आजोबांवर ना? मराठीत!” ती हसली.

“मंग मराठीवालाच घे. तुहा आजा वाचून दाखवते. मंजूर?”

“मंजूर!”

मी तिसरीतच शाळा सोडली, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

“काऊन गा फसवलं मले?” मी ओरडलो. त्यानं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चष्मा पुसला, पेपर घेतला आणि त्याच्याच ओट्यावर बसून मोठ्यानं, अडखळत वाचायला लागलो.