गाण्यात उरकलेली वर्षं

मुलाच्या शाळेच्या बसची वाट पाहत कोपऱ्यावर उभी होते, तेव्हा शेजारच्या कुसुममावशींच्या मुलाचा, प्रशांतदादाचा फोन आला. "आई गेली," एवढंच म्हणाला. झोपेतच, पहाटे कधीतरी... बस आली, मुलगा उतरला आणि मी त्याचं दप्तर हातात घेऊन चालत राहिले. आपलं घर मागे राहिलं, हे त्यानेच मला सांगितलं.

इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरमध्ये, कुसुममावशींचं घर आमच्यापासून चार दारं सोडून. मावशी नागपूरच्या, बौद्ध कुटुंबातल्या. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेल्यावर मुलाने, प्रशांतदादाने, त्यांना इकडे आणलं. मी पुण्याची आर्किटेक्ट, पण नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे इथे काम करायची परवानगी नाही. आमची एकच गाडी, ती नवऱ्याबरोबर ऑफिसला. चालत जावं असं काही जवळ नाही आणि जिथे जावं तिथवर फुटपाथ नाही. अख्खी दुपार आम्ही दोघी सोफ्यावर मराठी मालिका बघायचो.

एके दिवशी मावशी म्हणाल्या, "पुरे झालं हे. या देशात आलोच आहोत, तर इथे कोणी काय सोसलं ते तरी बघू." त्यांची नात ईशा कॉलेजात होती. ती फोनवर सिनेमांची नावं पाठवू लागली, "आजी, यू हॅव टू वॉच धिस वन." असे सुरू झाले आमचे कृष्णवर्णीयांचे सिनेमे. पहिल्याच सिनेमात एका लहान मुलीला वेगळ्या नळावर पाणी प्यावं लागतं. मावशी म्हणाल्या, "थांबव जरा." मग टीव्हीकडेच बघत म्हणाल्या, "मला शाळेत वरून पाणी ओतायचे. मी ओंजळ धरायची. फ्रॉक भिजला की मास्तर हसायचे..." मग माझ्या हातातल्या रिमोटकडे बोट केलं. "लाव पुढे," त्या म्हणाल्या.

पुढे त्यांना चरित्रपटांचा नाद लागला. गायक, खेळाडू, तुरुंगात गेलेले पुढारी, सगळे पाहिले. पण तक्रार एकच. "हा माणूस वीस वर्षं अडकून पडला होता ना? ती वीस वर्षं यांनी एका गाण्यात उरकली! केस पांढरे केले की झालं." जरा वेळाने म्हणाल्या, "अश्विनी, आपण दोघी त्या गाण्यात आहोत, बरं का." आम्ही खूप हसलो.

एका रविवारी त्यांनी प्रशांतदादालाही माझ्याकडे सिनेमा बघायला आणलं. एका म्हाताऱ्या गायिकेची कथा होती. शेवटी ती आपल्या गावी परत जाते. नावं वर सरकत असतानाच मावशी म्हणाल्या, "प्रशांत, मला नागपूरला जायचंय. कायमचं."

"आई, तिथे कोण आहे आता?"

"मी असेन ना."

तो त्यांच्याजवळ सरकून बसला. "हिवाळा सरू दे. मग बघू."

हिवाळा सरला, तर मावशींच्या हृदयाच्या तपासण्या निघाल्या. मग ईशाची सुट्टी आली. मग पुन्हा थंडी. प्रशांतदादा वाईट मुलगा नव्हता. त्यांच्या गोळ्या तोच काढून द्यायचा, पाय चेपायचा, आणि म्हणूनच त्यांना भांडता येईना. सिनेमातल्या तुरुंगाच्या एका प्रसंगावर त्या एकदा म्हणाल्या, "जेलर दुष्ट असला की बरं असतं गं. शिव्या तरी देता येतात." दुसरा हिवाळा त्यांनी पुरा पाहिला नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी प्रशांतदादा आला. कोट न काढताच बसला. "पुढच्या महिन्यात अस्थी घेऊन नागपूरला जातोय," म्हणाला. मग टीव्हीकडे बघत म्हणाला, "तुम्ही दोघी बघायच्या तसलं काहीतरी लाव ना." मी लावलं. तो बघत होता की नाही, कोण जाणे.

"आई बघताना बोलायची का गं?"

"सारख्या बोलायच्या. एक सिनेमा दोन-दोन दिवस पुरायचा आम्हाला."

"आमच्याकडे तर गप्प असायची. मला वाटायचं, रुळली." त्याने चष्मा काढून हातात धरला. "काय बोलायची? सांग ना."

मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि सांगू लागले. पडद्यावरची माणसं ओठ हलवत राहिली. खोलीत अंधार झाला, पण दिवा लावायला आम्ही दोघंही उठलो नाही.