दादाच्या माणसांना बिडी

हसणार असाल तर आधी चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. मुंबईत जाऊन मी असा पराक्रम केला, की गिरणीच्या फाटकाशी अजून मला ‘बिडीवाला पाहुणा’ म्हणतात!

दादा गिरणीतून ताप घेऊन घरी आला, तो परत गेलाच नाही. दहावं झालं, माझं डोकं भादरलं, आणि आई म्हणाली, “मुंबईला जा. मुकादमाला भेट. दादाची जागा तुला मिळते का बघ. न्हायतर तुझी वहिनी नि पोरं खातील काय?”

रेवसला लाँच धरली, भाऊच्या धक्क्याला उतरलो, गाववाल्यांच्या खोलीवर पडलो आणि सकाळी गिरणी गाठली.

बघतो तर काय! फाटकाबाहेर माणसंच माणसं. सगळी गप्प, मान खाली घालून उभी. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे दारात अशी माणसं कधी उभी राहतात? माझा ऊर भरून आला. दादाच्या दुःखाला एवढी माणसं!

मग आपली रीत काय? आलेल्या माणसाला बिडी द्यायची. मी धावत पानवाल्याकडून बिड्या आणल्या. एकेकापुढे हात जोडायचे, बिडी द्यायची, पुढे सरकायचं.

पण त्यांनी काय समजावं? त्यांना वाटलं, हा मुकादमाचा माणूस. ज्याला बिडी, तो आत! झालं, झुंबड उडाली.

“शेठ, मला द्या!”

“त्याला कशाला? मी आधीपासून उभा हाय!”

“अवो, मला न्हाय मिळाली!”

माझ्या डोळ्यांना धार लागलेली. “मिळंल रे, सगळ्यांना मिळंल! किती जीव होता तुमचा त्याच्यावर!”

“कुणावर?”

“माझ्या दादावर. साचेखात्यात मागावर कापड विणायचा, तो गणपत.”

मग एक म्हातारा पुढे आला. “पोरा, आम्ही बदलीवाले. कुणी कामावर आला न्हाय, की त्याच्या जागी तेवढ्यापुरतं आमच्यातल्या एकाला घेतात. म्हणून रोज उभं ऱ्हायाचं.” बिडीचा झुरका घेऊन तो म्हणाला, “गणपत आजारी होता, तवा त्याच्या साच्यांवर मीच होतो. बरं चाललं होतं माझं.”

बरं चाललं होतं! इकडे दादा तापानं फणफणत होता, आणि याचं बरं चाललं होतं! माझं टाळकं सटकलं. मी त्याच्या तोंडातली बिडी हिसकावली. पेटती बाजू धरली, दुसरं काय? बोट भाजलं, मी नाचलो, आणि अख्खं फाटक हसलं.

तेवढ्यात मुकादम आला. मी बोट चोखत दादाच्या जागेचं विचारलं.

“कसली जागा? त्याचे साचे शेजारच्याला दिले. आता एका माणसाला दोनाऐवजी चार साचे. आहेत त्यांनाच काढतायत, तुला कुठून घेऊ?” मग गर्दीकडे वळून तो ओरडला, “एकाला ताप आलाय. एक बदली पाहिजे!”

सगळ्यांचे हात वर. सगळ्यांत आधी कुणाचा? माझा! भाजलेलं बोट ताठ.

“साचा कधी बघितलास का?” मुकादम म्हणाला, आणि त्यानं दुसऱ्यालाच आत घेतलं.

गावी कुठल्या तोंडानं जाणार? दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फाटकाशी. म्हातारा आधीच येऊन उभा होता. त्याची माफी मागायची, असं रात्रभर ठरवलं होतं. जवळ गेलो, तोंड उघडलं, आणि निघालं काय?

“काका, त्या माणसाचा ताप उतरला न्हाय ना?”

म्हातारा हसला नाही, रागावला नाही. त्यानं तोंडातली बिडी काढली आणि माझ्या हातात दिली. न पेटलेली बाजू माझ्याकडे करून.