आतलं कुलूप

तर काल आपण सोडलं तेव्हा सासरे न्हाणीघरात ओलेते उभे होते, आणि घरातला एकुलता एक कोरडा टॉवेल बाहेर दिराच्या खांद्यावर होता.

"आधी टॉवेल दे, मग बाहेर येतो," सासरे आतून म्हणाले.

"आधी बाहेर या, अण्णा. तुम्ही टॉवेल भिजवलात तर मी अंघोळीनंतर अंग कशानं पुसू?"

दोघांचंही बरोबर, म्हणून दोघंही हलेनात. धाकटी सून चहाचा कप घेऊन भिंतीला टेकली होती.

"वहिनी, हसता काय?"

"भाऊजी, आमच्या ऑफिसात हेच सोडवायचा पगार मिळतो."

खोटं नव्हतं ते. संगणकाच्या पोटात, कुणाला न दिसणारा एक भाग असतो. फायली डिस्कवर नेऊन ठेवणारा. ती त्या भागाची कारागीर. दोन कामं एकदम तिथं घुसली तर फायलींची खिचडी होते, म्हणून दाराला कुलूप: जो आत जाईल त्यानं लावायचं. एवढ्यावर भागलं असतं. पण कोणे एके काळी कुणीतरी आत आणखी एक कुलूप घातलं. फाइल लिहिणारं काम आधी बाहेरचं घेई, मग आतलं. डिस्कवरची जागा मोकळी करणारं काम मागच्या दारानं येई. आधी आतलं घेई, मग बाहेरच्याकडे वळे. दोघं समोरासमोर आले की सासरे आणि दीर. मशीन तिथंच थिजायचं, आणि वापरणारा बिचारा वायर उपटायचा.

आतलं कुलूप काढा, असं ती सांगत होती. पण ते घातलं होतं खुद्द साहेबांनी.

"कशासाठी घातलं होतंत, साहेब?"

"आता आठवत नाही. म्हणजे कारण मोठंच असणार."

लांबच्या आत्याला मिळतो तसा त्या कुलपाला मान होता. नातं कुणाला सांगता येत नसे, पण वाकत सगळे. आणि सॉफ्टवेअरच्या या आवृत्तीत तिचा बदल बसला नाही, तर तिला तिथून उठवून बटणांचे रंग ठरवणाऱ्या टोळीत बसवायचं, हेही ठरून गेलं होतं.

तिनं एकेक वाट पायाखाली घातली. आतलं कुलूप जे राखत होतं, तिथवर बाहेरच्या कुलपाशिवाय कुणी पोचतच नव्हतं. अपवाद त्या मागच्या दाराचा. तिनं त्या कामाला पुढच्या दारानं यायला लावलं आणि आतलं कुलूप काढून टाकलं. घरी न्हाणीघराच्या दाराला आतून खिळा ठोकला, त्यावर टॉवेल. ज्याची खोली, त्याचा टॉवेल. भिजला तर पुढच्यानं दुसरा आणून लावायचा.

"एवढं शिकून खिळा ठोकलास?" सासूबाई म्हणाल्या.

ऑफिसच्या बैठकीत चाचणी लावली. एकीकडून धडाधड लिहिणं, दुसरीकडून जागा मोकळी करणं. साहेब आशेनं बघत होते. मशीन एकदा तरी अडकलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. अडकलं नाही.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "घ्या हा बदल. बाई, तुम्ही याच कामावर राहा." मग त्यांनी चष्मा पुसला. "पण उद्या कुणी आत पुन्हा कुलूप घातलं तर? खबरदारी म्हणून आपणच एक छोटंसं घालून ठेवू या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तिनं शांतपणे लॅपटॉप मिटला.

"घाला की, साहेब. फक्त का घातलं ते आजच मला सांगून ठेवा. काढायला मीच आहे इथं."