सलीमभाईंचं दही जमेना

सलीमभाई न जमलेल्या दह्याचं पातेलं घेऊन सकाळीच दवाखान्यात आले. मागोमाग तावातावात रामभाऊ. मी जानेफळला जनावरांची डॉक्टर. सलीमभाई दही विकतात, रामभाऊ त्यांना आपल्या तीन म्हशींचं दूध घालतात. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या मठ्ठ्यासाठी दही पोचवायचं होतं.

"डॉक्टरबाई, विरजण बराबर लावलं, तरी दूध जसंच्या तसं! यानं पाणी टाकलं."

"काऊन आळ घेतं बे? आजवर कोणी नाव ठेवलं काय मले?" रामभाऊंचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं. दूधवाल्याचं नाव एकदा खराब झालं की झालंच.

पण पाणी घातलं तर दही पातळ होतं, जमतं मात्र नक्की. मी विचारलं, "रामभाऊ, म्हशीला काही औषध दिलंत?"

"नाही जी."

"कास सुजली होती का?"

"हाव, जराशी दगडी होती एकीले. मागची ट्यूब उरली होती, ते सडात भरली. पण ते मलम होय, औषध थोडीच!"

मी कपाळावर हात मारला. त्या 'मलमात' अँटिबायोटिक असतं. ते दुधात उतरतं आणि दही लावणाऱ्या जंतूंनाही मारतं. असं दूध रोज पोटात गेलं, की रोगाचे जंतू औषधाला सरावतात. मग माणूस खरंच आजारी पडला, की तेच औषध हात टेकतं.

दोघांनाही पटेना. म्हटलं, "तिन्ही म्हशींचं दूध वेगवेगळ्या वाट्यांत विरजा."

एप्रिलचं ऊन. दुपारपर्यंत दोन वाट्या घट्ट जमल्या, तिसरीतलं दूध हलत राहिलं. मागे सरकारच्या 'अँटिबायोटिक जपून वापरा' मोहिमेच्या सभेला माझ्यासमोर फक्त आमचा शिपाई होता. आज वाट्या बघायला अंगण भरलं.

"पाणी नव्हतं ना?" रामभाऊ मुद्दाम मोठ्यानं म्हणाले.

"माफ कर यार. पण ट्यूब भरून दूध काऊन घातलं?"

पातेलं खड्ड्यात रिकामं केलं. संध्याकाळी चांगल्या दोन म्हशींचं आणि शेजाऱ्यांचं दूध विरजलं. लग्नात मठ्ठा पुरून उरला. रामभाऊंनीच पंगतीत वाढला, ऐटीत.

आता सलीमभाई दूध घालणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारतात, "ट्यूब भरली काय?" हो म्हटलं, की औषध दुधातून जायला लागणारे, मी सांगितलेले दिवस उलटेपर्यंत दूध परत. मग लोक ट्यूब भरण्याआधी मलाच फोन करतात. मी एवढंच शिकले: सल्ला देणाऱ्याचं कोणी ऐकत नाही, दूध परत करणाऱ्याचं सगळे ऐकतात.