जोडमशीनवर फोडलेला नारळ

कारखान्याच्या कॉम्प्युटरची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही मनात म्हणाल, आता लाईट जाणार, मशीन बंद पडणार, गाड्यांची रांग लागणार. तसलं काही होत नाही. मशीन बंद पडलंच नाही, माझी पंचाईत तिथंच झाली.

राहुरीकडच्या एका साखर कारखान्यात मी नवा प्रोग्रामर होतो. काट्यावर उसाचं वजन घ्यायचा प्रोग्राम आम्ही जुन्या मशीनवर लिहिलेला. साहेबांची शिस्त एकच: कुठल्या एका कंपनीची खास सोय वापरायची नाही, सगळ्या कंपन्यांनी मानलेल्या स्टँडर्डमधेच लिहायचं. मी शॉर्टकट मारला की म्हणायचे, "प्रोग्रामला घरजावई करतो का रे? ऊसतोडकऱ्याच्या बिऱ्हाडासारखा पाहिजे. उचलला, गाडीत टाकला, दुसऱ्या रानात मांडला." हे मी कॅन्टीनमध्ये मान तिरकी करून, नाकातून असं म्हणायचो, की पोरं मलाच साहेब म्हणायची.

मग जोडमशीन आलं. आत सगळं दोन-दोन. एक अंग गेलं तरी दुसरं काम ओढणार. प्रोग्राम एक ओळ न बदलता त्यावर चढला. हंगामात काटा थांबणार नाही, असा शब्द साहेबांनी चेअरमनना दिला होता.

पहिल्या दिवशी काट्यावरच्या मामांनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, आणि हंगामाच्या सुरुवातीला गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकताना फोडतात तसा नारळ फोडला, तो थेट मशीनच्या कोपऱ्यावर. पाणी फटीतून आत. लाल दिवा लागला.

"मेलं का रं?"

"अर्धं मेलं, मामा."

काट्यावर बैलगाडी उभी होती. तिची पावती निघाली. मागच्या गाडीचीही निघाली.

"चालतंय न्हवं? मग सायबाला कशाला सांगतो," म्हणत मामांनी माझ्या हातावर खोबरं ठेवलं.

दुपारी पुण्याहून कंपनीचा फोन. बोर्ड गेलाय, हे मशीननं स्वतःच मोडेमवरून तिकडं कळवलं होतं. ही त्याची खोड मला ठाऊक नव्हती. साहेब जागेवर दिसेनात, म्हणून मी उरलेलं खोबरं चावत त्यांच्याच आवाजात म्हणालो, "हो हो, आमच्या लक्षात आहे. किरकोळ आहे."

साहेब दारात उभे होते.

त्यांनी फोन घेतला, नवा बोर्ड मागवला, सकाळपासूनच्या पावत्या पाहिल्या. एकही अडली नव्हती. मग माझ्याकडं वळले.

"माझा आवाज खुशाल काढ. पण दुसरं अंग गेलं असतं तर माझा शब्द गेला असता. त्या लोखंडाला कळलं, बिघडलंय ते सांगावं. त्यानं पार पुण्याला कळवलं. आणि तू इथं माझ्या शेजारच्या टेबलावर बसून खोबरं खातोस?"