मालगाडी गेल्यावर येणारा आवाज

घर विकत घेण्याआधी ते कसं पाहावं हे सांगायला मी बसलो आहे, याची आधी मलाच लाज वाटते. माझं इंजिनिअरिंगचं शिक्षण अजून चालू आहे. निमोण्याजवळच्या वस्तीवर पत्र्याच्या दोन खोल्यांत मी वाढलो. आमच्यात कोणी घर विकत घेतलेलं नव्हतं आणि कोणी कॉलेजातही गेलेलं नव्हतं. जे सांगणार आहे ते एकाच घराच्या अनुभवावरून. जाणकारांनी रागावू नये. लिहिलं नाही तर तो आवाज माझ्याजवळच राहील, म्हणून लिहितो.

घर दौंडला होतं, रेल्वेलाइनच्या अंगाला नवीन प्लॉट पडलेत तिथलं. घ्यायचं होतं माझ्या मावशीला. काका पाटसला साखर कारखान्यात कामाला होते. चालू हंगाम संपला की ते रिटायर होणार आणि क्वार्टर सोडावी लागणार. मावशीचा सगळा संसार त्या क्वार्टरमध्ये झालेला. भिंतीला खिळा ठोकायचा तरी ऑफिसला विचारायचं, अशी सवय. स्वतःच्या भिंतीत खिळा ठोकायचा, एवढीच तिची इच्छा होती. याआधी दोन घरं जवळजवळ ठरली होती. दोन्हीकडे आडनाव विचारलं गेलं आणि मग समोरच्यांनी फोन उचलणं बंद केलं. या दौंडच्या माणसाने काही विचारलं नाही, आधी चहा टाकायला सांगितला. तिथेच मावशीचा जीव गुंतला.

इसार देण्याच्या आदल्या दिवशी काकांचा फोन आला.

"अरे, तू शिविल शिकतो ना? मग उद्या आमच्यासंगं चल. एकदा डोळ्याखालून घाल घर."

"काका, मी अजून शिकतोय."

"डाक्टरचं पोरगं बी शिकता शिकताच ताप बघतं. चल गुमान."

मी पिशवीत टॉर्च, छोटी हातोडी आणि काचेची एक गोटी घेतली. गोटी बघून मावशी जीपमध्ये हसली. "इंजिनेर खेळायला निघालेत व्हय?" मीही हसलो. पण घरातल्या मोठ्या माणसांनी माझ्या शब्दावर काही ठरवायची ती पहिलीच वेळ होती.

आम्ही पोचलो तेव्हा भर दुपार होती. आजूबाजूचे बरेच प्लॉट रिकामे होते, पलीकडे ऊस. वारा पडलेला. घरमालक रेल्वेतून रिटायर झालेले. इंजिनांच्या शेडमध्ये उमेदीची वर्षं गेल्याने त्यांना कमी ऐकू यायचं. मोठ्याने बोलावं लागत होतं. माणूस सरळ. "या, बघा समदं. लपवायसारखं काय न्हाई," असं म्हणून त्यांनी सगळी दारं उघडून दिली. त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती. आमच्याकडे तिने पाहिलंच नाही. ती फरशीकडे बघत होती.

आमच्याकडे घर बघायचं म्हणजे पाहुण्यांनी एक फेरी मारायची, भिंतीवर तळहाताने थाप द्यायची, दार कुठल्या दिशेला आहे ते विचारायचं आणि चहाला बसायचं. मी जरा वेगळं केलं. आधी गच्चीवर गेलो. पाणी कुठे साचत असेल, टाकीखालचं बांधकाम कसं आहे, ते पाहिलं. सगळे नळ एकदम सोडून पाहिले. भेगा पाहिल्या. प्लास्टरची केसासारखी भेग साधी असते. दाराच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली भेग मात्र काहीतरी सांगत असते. आणि रंग पाहिला. सगळ्या घराला जुना रंग असून एकाच खोलीला नवा असेल, तर त्या खोलीत जास्त वेळ थांबावं.

नवा रंग स्वयंपाकघराला होता. दाराच्या कोपऱ्यातून वर गेलेली तिरपी भेग त्या रंगाखालूनही दिसत होती.

त्या खोलीचं दार मी अर्धं उघडून सोडलं. ते थोडा वेळ तसंच राहिलं आणि मग हळूहळू आत गेलं. आतून कोणी बेताने ओढावं तसं. मी गोटी काढली आणि भिंतीजवळ जमिनीवर सोडली. ती ओट्याच्या पुढे जाऊन थांबली. समोरच्या भिंतीकडून सोडली, तरी तिथेच थांबली. दाराकडून, खिडकीकडून, कुठूनही सोडा, ती त्याच एका फरशीवर जाऊन उभी राहायची. मी खाली बसून हातोडीच्या दांड्याने फरश्या वाजवल्या. खाली सिमेंट नीट भरलेलं नसलं तर फरशी पोकळ वाजते; तो आवाज तोकडा असतो, लगेच मरतो. ही फरशी वाजली आणि आवाज खाली खाली जात राहिला.

मावशी माझ्या शेजारीच उभी होती, बरोबर गोटी थांबली होती त्या जागेवर. "हितं उभं राहून मी भाकऱ्या करणार बघ. खिडकीतनं गाडी दिसंल," ती म्हणाली.

तेवढ्यात खरंच मालगाडी आली. फळीवरची भांडी किणकिणायला लागली. गाडी लांबलचक होती. ती गेली, भांडी शांत झाली. मी उठणार, एवढ्यात आमच्या पायांखालून, बरंच खालून, आवाज आला.

डुबुक.

दगड पाण्यात पडावा तसा. मग पुन्हा काही नाही.

खुर्चीतल्या बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "ऐकलंस?" त्यांनी मला हळूच विचारलं.

मी मान डोलावली.

"यांना न्हाई ऐकू येत. गाडी गेली की होतं ते. रोज होतं."

बाहेरून मालकांनी बाईंचे ओठ हलताना पाहिले असावेत. "तिचं मनावर घेऊ नगा. भास होत्यात तिला. गोळ्या चालू हायेत," ते मोठ्याने म्हणाले. बाईंची मान पुन्हा खाली गेली.

घराखाली पाण्याची टाकी आहे का, असं मी विचारलं. नव्हती. संडासाची टाकी घराच्या दुसऱ्या टोकाला होती. बोअर पुढच्या अंगणात. मग मी मागच्या दाराने बाहेर गेलो. कंपाउंडच्या कोपऱ्यात शेंदूर लावलेले सात छोटे दगड एका ओळीत मांडलेले होते, ताजं हळद-कुंकू वाहिलेलं. मावशी माझ्या मागे आली होती. आम्ही बौद्ध, आजोबांनी हे सगळं कधीच सोडलेलं. ती म्हणाली, "आपलं न्हाई ते. पण पाय लावू नगस."

मालकांनी हात जोडले. "आसरा हायेत. पाण्याच्या देवता. प्लॉट घेतला तवा मधीच होत्या. पाया खणायचा म्हणून आम्हीच हितं आणून बसवल्या. दर आवसेला निवद असतो, चुकवत न्हाई."

मी हात जोडले नाहीत. आमच्या घरची रीत नाही. पण ते दगड मी ओळखत होतो. आजोबांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना जाऊ देत नसत. विहिरीच्या काठावर असेच सात दगड होते. ते लांबून दिसले की पाणी आलं आणि आपण इथेच थांबायचं, हे आजोबा लहानपणीच शिकले होते. मला पोहायला शिकवताना त्यांनीच ते सांगितलं होतं. हे दगड उगाच कुठे मांडत नाहीत. ते पाण्यापाशीच असतात.

"मधे म्हणजे नेमके कुठे होते?" मी ओरडून विचारलं.

मालकांनी हात उचलून दाखवलं. बोट स्वयंपाकघराच्या खिडकीकडे होतं.

"मग विहीर कुठे होती?"

"इहीर? इहीर न्हाई हितं. प्लॉटवाल्यांनी सपाट जमीन दिलेली. ओढ्याच्या असत्याल त्या." ओढा रेल्वेलाइनच्या पार पलीकडे होता. त्यांचा हात खिडकीकडे केलेला तसाच राहिला, खाली घ्यायचं त्यांना सुचलं नाही.

पाया भिंतींखाली खणतात. खोलीच्या मधोमध कोणी खणून बघत नाही. घर बांधल्यापासून त्या दगडांना नैवेद्य दाखवला गेला, आल्यागेल्या पाहुण्याने नमस्कार केला. पण तुमचं पाणी कुठे आहे, असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आत पेढ्यांची ताटली ठेवलेली होती. तोंड गोड केलं की शब्द दिला, असं आमच्याकडे धरतात. काकांनी हात पुढे केला तेव्हा मी म्हणालो, "काका, आज नको. आधी ती फरशी उघडून बघू द्या त्यांना."

मालकांचा चेहरा पडला. "राहतं घर फोडू? तुमच्या पोराच्या गोटीपायी?"

मावशीने मला बाजूला घेतलं. "खरंच कायतरी हाय, का तुला नुसतं वाटतंय?"

"माहीत नाही मावशी. आवाज आला."

"आवाजावर घर सोडू व्हय मी?"

काकांनी ताटली हलकेच मागे सरकवली. आम्ही निघालो तेव्हा त्या बाई दारापर्यंत आल्या आणि फक्त माझ्याकडे बघत राहिल्या. जीपमध्ये मावशी कुरकुंभच्या फाट्यापर्यंत बाहेर बघत होती. मग म्हणाली, "त्यानं आडनाव नव्हतं इचारलं." बास, तेवढंच.

हंगाम संपला. मावशी-काका क्वार्टर सोडून पाटसलाच भाड्याच्या खोलीत गेले. एका लग्नात मावशीने सगळ्यांसमोर मला टोमणा मारला. "आले बघा आमचे इंजिनेर. त्यांना मांडवाला कान लावू द्या, लगीन टिकतंय का न्हाई ते सांगत्याल." सगळे हसले. तीही हसली, पण माझ्याकडे न बघता.

माझंच चुकलं असेल का, हे मला कळायला मार्ग नव्हता. फरशी पोकळ वाजण्याची साधी कारणं खूप असतात, हे मी नंतर शिकत गेलो. तिरप्या भेगा तर आमच्याकडच्या काळ्या मातीत किती घरांना असतात. ती पावसात फुगते, उन्हात आक्रसते. मधे एकदा इनामगावला गेलो होतो. शाळेत असताना सरांनी तिथे घोड नदीकाठी नेलं होतं आणि सांगितलं होतं की या मातीखाली फार जुन्या लोकांची घरं आहेत, एका जमिनीखाली दुसरी जमीन. तेव्हा मजा वाटली होती. या वेळी पाय टाकताना मी थांबून ऐकत होतो. हॉस्टेलच्या रस्त्यावरून जड ट्रक गेला की आजही मी बोलता बोलता गप्प होतो आणि नंतरच्या शांततेची वाट बघतो.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. घर बघायला जाल तेव्हा नळ, भेगा, दारं सगळं बघा. पण थोडा वेळ कोणाशी न बोलता उभे राहा. घराआधी त्या जागेवर काय होतं ते विचारा. शेजारी नवे असले तर जुन्या वस्तीत जाऊन विचारा. आणि त्या घरात आधीपासून राहणारं माणूस काही सांगत असेल, तर ते भासातलं म्हणून सोडून देऊ नका.

पुढचा पावसाळा सरत आला तेव्हा मावशीचा फोन आला. नेहमीची थट्टा नव्हती. दौंडचे ते मालक शोधत शोधत त्यांच्या खोलीवर आले होते. त्यांची बायको स्वयंपाकघरात पाऊल टाकेना, म्हणून एका दुपारी ते तिथे जमिनीवर बसून राहिले. मालगाडी गेली. त्यांना ऐकू काही आलं नाही, पण तळहात फरशीवर होता. तळहाताला कळलं.

"दुसऱ्याच दिशी मानसं लावून उघडलं म्हणं," मावशी सांगत होती. "वरती नुसता मुरूम आन् दगडी फरशा टाकलेल्या. त्यातली एक मोडलेली. खाली बांधलेली इहीर, गच्च पाण्यानं. मी कुठं उभी हुते तुला याद हाय ना? माझ्या पायाखालचीच फरशी मोडलेली."

"पुढल्या घराला आधी तू जा रे बाबा. मी मागनं येते," ती म्हणाली. "ते सात दगड त्यांनी परत इहिरीच्या काठावर नेऊन ठेवले. बायकोची माफी मागितली म्हणले. ती दिसभर तिथंच बसती आता. गाडी गेली की वाकून बघती. म्हणती, आता वाजत न्हाई. आता आत जे हाय ते गप वर बघत बसतं."